उघडी पेटी : मुक्तांगण विज्ञान शोधिकेची वाटचाल

पिंपरीच्या टेल्को कारखान्यातला एक तरुण अभियंता १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेला. कानपूरच्या आयआयटीतून तो १९७५ साली बाहेर पडला होता. नोकरी चांगली होती, पण आपला जन्म ट्रक बनवण्यासाठी नाही असं त्याच्या मनानं घेतलं होतं. होशंगाबादेत १९७२ पासून खेड्यांतल्या १६ शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक निराळा प्रयोग चालला होता. धडा पाठ करायचा नाही, हातानं करून बघायचं. करून बघायला लागणारं सामान मात्र शाळांकडे नव्हतं. हा तरुण आठवडी बाजारात हिंडला, सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेऊन आला, तिचे तुकडे केले आणि त्यांच्या तोंडांत आगकाड्या खोचल्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी जागचा हलेना, चार काड्यांचा चौकोन मात्र एका बोटानं कलला. घरांच्या कैच्या आणि पुलांचे सांगाडे त्रिकोणांचे का असतात, हे मुलांच्या बोटांना आधी कळलं आणि पुस्तकात नंतर सापडलं.

अरविंद गुप्ता हे त्या तरुणाचं नाव. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची वाटचाल मी त्या आगकाडीपासून धरतो. शोधिकेची इमारत उभी राहायला पुढं पाव शतक लागलं, पण तिथं जे झालं त्याची सवय त्या बाजारातच लागली होती. पिंपरी आमच्या माण गावापासून फार लांब नाही, म्हणूनही या गोष्टीबद्दल मला जास्तीचा जिव्हाळा आहे.

शोधिकेत तऱ्हेतऱ्हेची खेळणी आहेत. मी इथं त्यांतल्या एकाच घराण्याबद्दल लिहिणार आहे. चित्र दाखवणारी आणि चित्र हलवणारी खेळणी, म्हणजे घरच्या घरी सिनेमा दाखवणारी. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी थिएटरची पायरी चढण्याआधी सिनेमा पाहिला तो असल्या खेळण्यांतच.

माण आज हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा म्हणून ओळखलं जातं. तेव्हा ते मुळशी तालुक्यातलं शेतीचं गाव होतं. वाकड-हिंजवडीच्या म्हातोबाचं बगाड चैत्री पौर्णिमेला निघतं. अशा जत्रांमध्ये पाळणे आणि रेवड्यांच्या पालांच्या जोडीनं डोळा लावून बघायची सिनेमाची पेटी असायची. गोल काचेला डोळा लावायचा, दोन्ही हातांनी बाजूचा उजेड अडवायचा आणि आत सरकत जाणारे देवदेवता, राजवाडे, नटनट्या पाहायच्या. पेटीवाला बाहेरून गाणं म्हणत हँडल फिरवायचा. पैसे संपले की काच अंधारी व्हायची.

ज्यांच्या घरी थोडी सुबत्ता होती त्यांच्याकडे व्ह्यू-मास्टर असायचा. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात तो पहिल्यांदा लोकांसमोर आला, पुढं मुंबईच्या पटेल इंडिया कंपनीनं तो आपल्याकडे आणला. पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर कडेनं १४ इवल्या रंगीत फिल्म, पण दिसायची सातच चित्रं. समोरासमोरच्या दोन फिल्म एकाच देखाव्याच्या, डाव्या आणि उजव्या डोळ्याच्या जागेवरून किंचित फरकानं घेतलेल्या. दोन डोळ्यांना दोन चित्रं मिळाली की मेंदू त्यांतून खोली तयार करतो. तरफ दाबली की ‘खटक’ असा आवाज, आणि पुढचा देखावा. दोन चित्रांतून खोली दिसण्याची ही किमया चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्येच समजावून सांगितली होती. पण चकतीत १४ फिल्म असताना चित्रं सातच का, हे त्या खेळण्याबरोबर मुलांना कुणी सांगितलं नाही. तो डबा उघडायचाच नव्हता. उघडला तर मार बसायचा.

तिसरं खेळणं फुकट मिळायचं, आणि ते मला सगळ्यांत श्रीमंत वाटतं. थिएटरच्या मागच्या दाराशी किंवा तंबूतल्या टॉकीजच्या पटांगणात रिळाचे कापलेले तुकडे पडलेले असत. मुलं ते जमवत, एकमेकांत अदलाबदल करत. उडालेल्या बल्बच्या मागचा भाग हळूच फोडून आतली तार काढायची आणि काचेत पाणी भरायचं. झालं भिंग. जाड पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूला भोक पाडून त्यात तो बल्ब, त्याच्यामागं फिल्मचा तुकडा. दारात उभा असलेला मित्र आरशानं उन्हाचा कवडसा खोक्यात सोडतो आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत आजोबांच्या धोतरावर नायक उमटतो, पण डोकं खाली, पाय वर. पोरं आधी हसायची, मग फिल्म उलटी धरायची. हे भिंग वरचं खाली करतं, हे त्या दुपारी कुणी शिकवलं नव्हतं. खोकं त्यांनीच बांधलं होतं, म्हणून बिघाडही त्यांनाच शोधता आला.

ही परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ उभा केला. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, आणि ती पडद्यावर फेकणारे दिवे. एकाहून अधिक दिव्यांची चित्रं एकमेकांवर आणून ते चित्रातली माणसं हालचाल करताना दाखवत. ल्यूमिए बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी आला. त्याच्या आधीच हे मराठी कुटुंब हलती चित्रं दाखवत होतं. मुलगे विनायक आणि रामचंद्र वडिलांच्या बरोबरीनं या उद्योगात होते. त्या काचा आज पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ठेवीत आहेत.

मग दादासाहेब फाळके. १९११ साली गिरगावातल्या थिएटरात त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि तिथून त्यांना सिनेमानं झपाटलं. पुढच्या काळात त्यांनी एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं विकत घेतली. मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून ते रात्री घरच्या भिंतीवर चित्रं पाडत बसत. तासन्‌तास पाहण्याच्या नादात डोळे बिघडले, काही काळ दिसेनासं झालं, उपचारांनंतर नजर परत आली. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं आणि महिनाभर त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली. ‘अंकुराची वाढ’ पाहताना तो महिना मिनिटा-दोन मिनिटांत पळाला. हिंदुस्थानी चित्रपटाचा पाया घालणाऱ्या माणसानं सुरुवात केली ती मेणबत्ती, भिंग आणि भिंतीपासून, आपल्या घरातल्या पोरांसारखीच. ही ओळ पाठ्यपुस्तकात यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता शोधिकेकडे. आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी यांचं आंतरविश्वविद्यालयीन केंद्र, १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात स्थापन झालं. जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक. आभाळाचं गणित मांडणाऱ्या संस्थेत शाळेतल्या मुलांचा पाय लागावा, हा त्यांचा हट्ट. दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली, विज्ञान दिनाला सगळं आवार लोकांसाठी खुलं होऊ लागलं. व्याख्यान संपलं की मुलं वह्या पुढं करून नारळीकरांची सही मागत. ते सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, असं सांगत. उत्तर येई, आणि उत्तराखाली सहीही असे. पंधरा पैशांच्या कार्डावर जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ सातवीतल्या मुलाशी बोलतो आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी जपून ठेवली आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा ती कार्डं पुन्हा बाहेर निघाली.

शनिवारचं व्याख्यान ऐकून मुलं घरी जात. ती रोज येऊ शकतील, हात काळे करू शकतील अशी जागा हवी होती. त्यासाठी पैसा आला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानकडून. पु.ल. २००० साली गेले होते आणि सुनीताबाईंनी ही देणगी दिली. इमारतीचं नाव ठेवलं ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला हा एक तारा, आणि त्यात पु.ल.ही आले. अरविंद गुप्ता २००३ साली आयुकात आले, २००४ मध्ये शोधिका मुलांसाठी सुरू झाली आणि पुढची दहाएक वर्षं ते तिथं होते. अशोक रूपनर, विदुला म्हैसकर, मनीष जैन हे त्यांचे सहकारी. एवढ्याशा चमूनं केलेलं काम पाहिलं की मी आजही थक्क होतो.

तिथला एक खेळ जवळून सांगतो. जाड कागदाची पाच रुपयांच्या नाण्याहून मोठी चकती कापायची. एका बाजूला पिंजरा काढायचा, दुसऱ्या बाजूला पोपट. डाव्या-उजव्या कडेला भोकं पाडून दोरे ओवायचे, पीळ द्यायचा आणि दोरे ताणायचे. चकती गरगर फिरते आणि पोपट पिंजऱ्यात जाऊन बसतो. पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेक मुलांचा पोपट उलटा लटकतो, कारण त्यांनी दोन्ही चित्रं सरळ काढलेली असतात. चकती आडव्या दोऱ्याभोवती पालथी होते, म्हणून मागचं चित्र डोकं खाली करूनच काढावं लागतं. चकती कागदी नळीला उभी चिकटवून ताकाच्या रवीसारखी तळहातांत घुसळली, तर मात्र दोन्ही चित्रं सरळ चालतात. का, हे मुलांनी एकमेकांशी भांडून ठरवायचं. शिक्षकानं लगेच उत्तर सांगायचं नाही, हा तिथला शिरस्ता.

हा पोपट १८२५ च्या सुमाराचा, लंडनमधला. त्यानंतर १८३२ मध्ये प्लॅटो नावाच्या शास्त्रज्ञाची फिरती तबकडी आली, मग बाहेरून फटींतून आत बघायचं पिंप आलं आणि तिथून पावलापावलानं सिनेमा. शोधिकेत मूल ही सगळी पायवाट एका सकाळी चालून जातं. जुन्या वहीच्या कोपऱ्यांवर एकेक रेघ बदलत चेंडू काढतं, अंगठ्यानं पानं सोडतं, चेंडू उडी मारतो. बोलपटाच्या हिशेबानं २४ पानं म्हणजे एक सेकंद. तेवढी पानं काढून हात दुखले की पडद्यावरच्या एका सेकंदामागं किती काम असतं हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. डोळ्यात चित्र क्षणभर रेंगाळतं म्हणून हालचाल दिसते, असं आपण सगळे शिकलो. ते अर्धंच खरं आहे. रेंगाळण्यामुळं पोपट आणि पिंजरा एकत्र दिसतात, पण चेंडूच्या दोन जागांमधली उडी मेंदू स्वतः जोडून घेतो. शिक्षकांनी हा फरक मुलांपर्यंत न्यायला हवा.

आणखी एक खेळणं म्हणजे चार चेहऱ्यांचा घडीचा कागद. एका कागदाला खुणेनुसार घड्या घालून कडं करायचं. ते आतून बाहेर फिरवत राहिलं की दर वळणाला नवं चित्र वर येतं. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, आणि पुन्हा अंडं. पडदा नाही, दिवा नाही, तरी गोष्ट पुढं सरकते आणि संपतच नाही. फुलपाखराच्या जीवनचक्राचे फळ्यावर काढलेले चार बाण मुलं विसरतात. हे कडं मात्र ती दप्तरात घालून घरी नेतात आणि आजीला दाखवतात.

शोधिकेच्या सामानाची यादी वाचली की मला त्यात सिनेमाचा आणि फोटोचा इतिहास दिसतो. फोटोच्या रोलचे काळे प्लास्टिकचे डबे एकेकाळी स्टुडिओवाले ढिगानं फेकून देत. असे दोन डबे आणि सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांच्या झडपा घेऊन फुगा फुगवणारा हातपंप बनायचा. सुरेश वैद्यराजन यांनी रचलेला हा पंप अरविंद गुप्ता जिथं जातील तिथं दाखवत. मग डिजिटल कॅमेरे आले आणि डबे मिळेनासे झाले. त्यांची जागा सीडीनं घेतली. भोकात गोटी बसवली की सीडीचा भोवरा होतो. झाकण आणि फुगा लावला की तीच सीडी गुळगुळीत टेबलावर हवेच्या गादीवर तरंगत जाते. उन्हात धरली की भिंतीवर रंग पाडते. ज्या तबकड्यांमुळं गावोगावच्या तंबूंतल्या टॉकीजचा प्रेक्षक घरात बसला, त्या तबकड्या स्वतःच आता भंगारात गेल्या आहेत. दर पिढीच्या सिनेमाचा कचरा वेगळा. शोधिकेनं तो प्रत्येक वेळी उचलला आणि मुलांच्या हातात दिला. खेळणं मोडून आत डोकावणं ही मुलानं त्याच्याशी करण्याजोगी सगळ्यांत चांगली गोष्ट, असं गुप्ता नेहमी सांगत आले आहेत. व्ह्यू-मास्टर उघडला म्हणून मार खाल्लेल्या पिढीला हे ऐकायला फार बरं वाटतं.

पुलस्त्यमध्ये येऊन जाऊन किती मुलं येणार? शोधिकेनं यावर काढलेला तोडगा हाच तिच्या वाटचालीतला सगळ्यांत मोठा टप्पा आहे. दूरदर्शनसाठी गुप्तांनी आधीच १२५ चित्रफिती केल्या होत्या. आता चमूनं एकेका खेळण्याच्या मिनिट-दीड मिनिटाच्या फिती बनवायला घेतल्या. स्वच्छ पार्श्वभूमी, दोन हात, कात्री, कागद, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज. खेळण्यांच्या कृती आणि पुस्तकं संकेतस्थळावर फुकट, हव्या त्यानं उतरवून घ्यावीत. डिसेंबर २०१० मध्ये आमच्याच मुळशी तालुक्यातल्या लवासात झालेल्या एका परिषदेत गुप्तांनी आगकाड्या, वर्तमानपत्राच्या टोप्या आणि पंप दाखवले. ते भाषण जगभर पाहिलं गेलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथं एक उलटापालट झाली, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. आजच्या मुलाचं सिनेमा पाहायचं खेळणं म्हणजे मोबाईल. त्यात काय नाही? पण त्याचं झाकण निघत नाही, आणि निघालं तरी डोळ्याला दिसेल असं काही आत फिरत नाही. सिनेमा दाखवणाऱ्या आजवरच्या खेळण्यांत ही सगळ्यांत घट्ट बंद पेटी. तिच्यातच मिनिटभराची मराठी फीत लागते आणि मूल मोबाईल खाली ठेवून कात्री शोधायला उठतं. पडद्यापासून मुलाला उठवणारा सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही. माणच्या तिसऱ्या टप्प्यात इमारती अजून उभ्या राहत आहेत. तिथल्या मजुरांच्या वस्त्यांत पत्र्याच्या खोलीत एकच फोन असतो आणि त्याच्याभोवती चार मुलं. ती पुलस्त्यपर्यंत कधी पोचतील न पोचतील, पण ही फीत त्यांच्यापर्यंत पोचू शकते, आणि तिला लागणारं सामान त्यांच्या दाराबाहेर पडलेलं असतं.

मोठ्या कंपन्यांनाही पुठ्ठ्याकडे वळावं लागलं, हे नमूद करायलाच हवं. २०१४ साली गूगलनं ‘कार्डबोर्ड’ आणलं. घडीचा पुठ्ठा, दोन भिंगं, आत खुपसलेला मोबाईल, आणि कृती सगळ्यांसाठी खुली. पुढच्याच वर्षी व्ह्यू-मास्टरही मोबाईलवाला झाला. पडद्याचे दोन भाग, दोन डोळ्यांना दोन चित्रं, म्हणजे चकतीवरच्या त्याच सात जोड्या, आता मान वळवाल तशा फिरणाऱ्या. हिंजवडीत संगणकावर असली आभासी दुनिया रचणाऱ्या तरुणांना मी आवर्जून सांगतो की आपल्या मुलांसाठी एक तरी पुठ्ठ्याचा चष्मा घरी कापा. एक डोळा मिटला की खोली नाहीशी होते, हे मुलाला स्वतः सापडू द्या.

२०१४ च्या सुमारास गुप्ता आयुकातून बाहेर पडले, पण काम पसरत गेलं. मनीष जैन यांनी गांधीनगरच्या आयआयटीत सृजनशील शिक्षणाचं केंद्र उभं केलं. अशोक रूपनर पाषाणच्या आयसरमधल्या विज्ञान उपक्रम केंद्रात शिक्षकांना आणि मुलांना हीच विद्या देऊ लागले. आयुकात शाळांसाठीचे कार्यक्रम चालू आहेत. संस्था मोठी झाली की माणसं धरून ठेवते. शोधिकेची माणसं बाहेर गेली आणि त्यामुळं एकाच्या तीन जागा झाल्या. मला हीच तिची खरी मिळकत वाटते.

माणच्या डेपोपासून शिवाजीनगरला जाणारा मेट्रोचा मार्ग विद्यापीठावरून जातो. त्या मार्गामुळं मुळशीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना आयुकाचं आवार पूर्वीइतकं लांब राहू नये. सहल काढता आली तर उत्तमच. नाही काढता आली तर माझ्या शिक्षक मित्रांना एवढंच सांगतो की एका वर्गाला लग्नाच्या जुन्या पत्रिकांचा गठ्ठा, दोऱ्याचं एक रीळ, दोन-चार कात्र्या आणि खडू पुरतात. पिंजरा आणि पोपट कसे काढायचे ते फळ्यावर दाखवू नका. पहिला पोपट उलटा लटकू द्या.